आधी बोलले का आधी वाजवलं?

व्हायोलिन शिकवणाऱ्या आमच्या सरांचा तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. मे महिन्यातली दुपार, लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं जुनं घर, खिडकीवर ओलं करून टाकलेलं चवाळं, आणि कूलर बंद, कारण काही ऐकत असताना कूलरची घरघर त्यांना चालत नाही. मी मोबाईल छोट्या स्पीकरला जोडून स्टीव्ह राइख या अमेरिकन संगीतकाराचं 'डिफरन्ट ट्रेन्स' लावलेलं, म्हणजे 'वेगळ्या गाड्या', क्रोनोस क्वार्टेट या चार वादकांच्या अमेरिकन चौकडीनं वाजवलेलं. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जाड आवाजाचा एक व्हायोला, त्याहूनही जाड आवाजाचा एक चेलो, आणि त्यांच्यामध्ये जुन्या रेल्वेच्या शिट्ट्या आणि माणसांच्या बोलण्याचे तुकडे. सर भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. मला वाटलेलं पाच मिनिटांत म्हणतील, पुरे कर आता. पण शेवटपर्यंत हलले नाहीत, फक्त मधे कधीतरी उजव्या हाताची बोटं मांडीवर वळली, गज धरायला वळतात तशी. संपल्यावर थोडा वेळ गेला आणि मग त्यांनी विचारलं, "आधी बोलले का आधी वाजवलं?"

मला लगेच कळलंच नाही काय विचारायलेत ते. मग म्हणाले, "अगं ती बाई बोलती आणि तेच सूर वाजतेत. तर तिचं बोलणं आधी होतं आणि त्याच्यावरून वाजवलं, का सूर आधी बांधले आणि तिला तसं बोलायला लावलं?" सरांना इंग्रजी जवळपास येत नाही. शिकागो आणि न्यूयॉर्क हे दोन शब्द कळले असतील फार तर. बाकी सगळा वेळ ते नुसता माणसांच्या आवाजाचा चढ-उतार ऐकत होते, अर्थाशिवाय. मी म्हटलं, बोलणं आधी सर. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "वाजवणारा तिच्या मागं मागं चाललाय. पुढं जाईना गेलाय."

मी हे संगीत कितीतरी वर्षं ऐकतेय आणि ही गोष्ट इतकी सरळ मला कुणी सांगितलेली नव्हती.

राइखनं हे १९८८ साली क्रोनोससाठीच लिहिलं. तो लहान असताना आईवडील वेगळे झालेले, एक न्यूयॉर्कला आणि एक लॉस एंजेलिसला, आणि १९३९ ते १९४२ या काळात हा पोरगा सांभाळणाऱ्या बाईंबरोबर रेल्वेनं अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा-यायचा. पोराला मजाच वाटली असणार त्या प्रवासाची. मोठेपणी त्याच्या मनात आलं की आपण ज्यू, याच वर्षांत आपण युरोपात असतो तर तिथंही आपल्याला रेल्वेतच बसवलं असतं, फक्त ती गाडी वेगळी असती. मग त्यानं त्या सांभाळणाऱ्या बाईंचा आवाज रेकॉर्ड केला, तेव्हा त्या सत्तरीत होत्या, त्याच मार्गावर पोर्टर म्हणून नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्याचा केला, आणि छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेल्या तिघांच्या आठवणींची रेकॉर्डिंग मिळवली. त्यातले चार-दोन शब्दांचे तुकडे कापले, बोलताना आवाज कुठून कुठं जातो ते सुरांत लिहून काढलं आणि चौघांना वाजवायला दिलं. बाई बोलली की व्हायोला, पुरुष बोलला की चेलो. आणि प्रत्येकाची बोलायची लय वेगळी म्हणून माणूस बदलला की वाजवण्याची लयही दणकन बदलते, तुम्ही एका लयीत रमला की दुसरी येऊन उठवते. सरांनी तेही पकडलेलं, मधे मधे ठेका मोडतो तो मुद्दाम ना, असं त्यांनी विचारलंच. मधल्या भागात शिट्ट्यांच्या जागी भोंगे येतात, युरोपातले, आणि तिथं मी अजूनही खुर्चीत नीट बसू शकत नाही. शेवटाला एक आठवण आहे, एका मुलीचा आवाज फार गोड होता, जर्मनांना तिचं गाणं ऐकायला आवडायचं, ती थांबली की ते म्हणायचे अजून गा, अजून, आणि टाळ्या वाजवायचे. तिथं तो संपवतो. चौघंजण टाळ्यांचा शब्द वाजवून थांबतात आणि मग सभागृहात खऱ्या टाळ्या वाजत असतील, त्या वाजवताना लोकांना काय वाटत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

आपल्याकडे व्हायोलिन गळ्याच्या मागं जातं हे काही नवीन नाही. सरांचं सगळं आयुष्य त्यात गेलं. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं, तारा सा-प-सा-प लावायच्या आणि गाणाऱ्यानं घेतली ती मींड जशीच्या तशी काढायची. गायकी अंग म्हणतात ते हेच, व्हायोलिनवादक एन. राजम यांनी ते कुठल्या कुठं नेलं. पण ते गाणाऱ्या गळ्याच्या मागं जाणं आहे. बोलणाऱ्या गळ्याच्या मागं, तेही कुठल्याशा म्हाताऱ्या पोर्टरच्या, ज्याला आपण गातोय याची कल्पनाच नाही, त्याच्या मागं चार वाद्यांनी असं हात बांधून चालायचं, याची मला आधी गंमत वाटलेली आणि नंतर काहीतरी फार मोठी गोष्ट वाटायला लागली.

मी या संगीताकडे आले ती आशाताईंचं बोट धरून. २००५ साली क्रोनोसनं आर.डी. बर्मनच्या गाण्यांचा एक अल्बम काढला, 'यू हॅव स्टोलन माय हार्ट', गायला खुद्द आशा भोसले, तबल्यावर झाकीर हुसेन, आणि वू मान नावाच्या बाई पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवायला. आशाताईंनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. 'चुरा लिया है' सगळ्यांना पाठ, माझ्या आईलासुद्धा, पण त्यात ग्लासाची किणकिण आणि गिटार यांच्या जागी हे चौघं काय करतात ते ऐकायला म्हणून मी परत परत लावायचे. पंचमच्या ऑर्केस्ट्रातली एवढी वाद्यं, आणि हे चौघं एकावर एक थर रेकॉर्ड करून ती सगळी अंगावर घेतात. त्याच्याही आधी, २००० साली, त्यांनी 'आज की रात' वाजवलेलं, झाकीरभाईंबरोबरच. तिथून मग मी शोधत गेले की हे लोक एरवी काय वाजवतात. एरवी ते जे वाजवतात ते ऐकून पहिल्यांदा मी हेडफोन काढून टाकले.

ते होतं जॉर्ज क्रम या अमेरिकन संगीतकाराचं 'ब्लॅक एंजल्स'. १९७० सालचं, व्हिएतनामच्या लढाईच्या दिवसांतलं. रात्री झोपताना लावू नका एवढंच सांगते. सुरुवातीलाच तारांवर असे काही किडे सुटतात की अंगावर काटा येतो. वाजवणारे मधेच वेगवेगळ्या भाषांत आकडे ओरडतात, बोटात शिवणकामाची टोपणं घालून तारांवर मारतात, गज उलटीकडून धरतात, आणि एका जागी पाणी भरलेल्या काचेच्या प्याल्यांच्या कडेवर गज फिरवतात आणि त्यावर चेलो एकटा गातो. त्या जागेपर्यंत पोचायला मला फार दिवस लागले पण आता तिथलं ते चेलोचं गाणं आठवलं की दुपार बदलते माझी. डेव्हिड हॅरिंग्टन नावाच्या व्हायोलिनवाल्या तरुणानं १९७३ मध्ये सिएटलला एका रात्री रेडिओवर हेच ऐकलं. लढाई अजून विझलेली नव्हती, आणि जे वाजवायला शिकलोय त्यात या दिवसांचं काहीच का नाही हे त्याला सलत होतं. हे वाजवलंच पाहिजे म्हणून त्यानं क्रोनोस उभं केलं. आणि लगेच एका संगीतकाराकडे नवीन रचना मागितली, पैसे नव्हते म्हणून मोबदला काय, तर एक पिशवीभर डोनट. त्या पिशवीपासून सुरू होऊन आजवर त्यांनी हजारावर नव्या रचना लिहून घेतल्यात. हजार! मला त्या आकड्यापेक्षा त्यांचं मागत राहणं मोठं वाटतं. म्हणजे हे लोक नुसते वाजवणारे नाहीत, हे मागणारे आहेत. जगात कुठं कुणी काही वेगळं ऐकलंय असं कळलं की जाऊन म्हणतात, आमच्यासाठी लिही.

अर्थात या वाटेवरचं सगळंच मला आवडतं असं नाही. लंडनचं आर्डिटी क्वार्टेट आहे, क्रोनोसच्या पुढच्याच वर्षी निघालेलं, नव्या संगीतातलं सगळ्यात अवघड ते वाजवणारं. त्यांनी १९९५ मध्ये ॲमस्टरडॅमला स्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराची ती प्रसिद्ध रचना वाजवली, चौघं चार वेगवेगळ्या हेलिकॉप्टरमध्ये बसून, पंख्यांच्या आवाजासकट. त्याचा मान मोठा आहे, पण माझ्या मनाला ते कुठंच शिवत नाही, मला खाली उभं राहून वर बघणाऱ्या माणसांचंच जास्त वाटतं. याउलट न्यूयॉर्कचं जॅक क्वार्टेट गेऑर्ग फ्रीडरिश हास या संगीतकाराची एक चौकडी, म्हणजे चौघांसाठी लिहिलेली रचना, वाजवतं ती ठार अंधारात. दिवे नाहीत, स्वरलिपी दिसत नाही, चौघं हॉलच्या चार कोपऱ्यांत, एकानं सुरांतून बोलावणं पाठवायचं आणि दुसऱ्यानं ओळखून उत्तर द्यायचं. हे वाचलं तेव्हा मला औशाजवळच्या आमच्या गावातलं लोडशेडिंग आठवलं. सात-आठ तास लाइट नाही, मारुतीच्या देवळात भजन चाललेलं, कोण टाळ वाजवतंय ते दिसत नाही पण प्रत्येक टाळ कुणाचा ते आजी अंगणातून सांगायची. आज पांडूचा टाळ नाही, बरं नाही वाटतं त्याला. अंधारात कान एवढे मोठे होतात हे मला त्या हॉलमध्ये न जाताच माहीत होतं.

सरांच्या त्या प्रश्नानंतर मला एक सवयच लागली. माणसं काय बोलतात ते बाजूला ठेवून कसं बोलतात ते ऐकायचं. बसस्टँडवर कंडक्टर 'औसा-निलंगा, औसा-निलंगा' ओरडतो तेव्हा पहिलं निलंगा वर टांगलेलं असतं आणि दुसरं खाली उतरतं. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि संध्याकाळी प्रत्येक रस्त्याच्या तोंडावर भाजीवाल्यांचा एक एक सूर धरलेला असतो, त्यात एक बाई आहे, मेथीवाली, ती दिवसभर एकाच पट्टीत ओरडते, सकाळी आणि रात्री, मी ताडून बघितलंय. आणि आमचं लातूरचं बोलणंच असं की वाक्याच्या शेवटचा स्वर लांबतो आणि लांबता लांबता थोडा चढतो, 'काय करायलीस गंऽ', 'पाणी यायलंय काऽ'. पुण्याची माझी भाची म्हणते तुम्ही लोक सांगताय का विचारताय तेच कळत नाही. मला आता वाटतं की एखादी व्हायोला या 'काऽ'च्या मागं नीट चालली तर तिला आमच्याबद्दल बरंच कळेल.

पाणी म्हटलं की लातूरकराच्या मनात एकच गाडी येते.

२०१६ चा उन्हाळा ज्यांनी इथं काढला त्यांना काही सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलेलं, पाण्याभोवती पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पुढं पन्नास वाघिणींची यायला लागली. जलदूत. मीही बघायला गेले होते. गर्दी, कॅमेरे, हार, घोषणा, आणि त्या सगळ्यांच्या खाली मोठ्या पाइपांतून पाणी विहिरीकडे जाताना येणारा एक जाड, बसका आवाज. तो मला घोषणांपेक्षा नीट आठवतो. शेजारी एक म्हातारी उभी होती, रिकामी कळशी घेऊन, तिला वाटलेलं गाडीतूनच पाणी वाटतील. कुणीतरी तिला समजावलं की मावशी, हे आधी साफ करतेत, मग टँकरनं येईल तुमच्याकडं. ती म्हणाली, "मंग मी उगं आले काऽ." त्यातला तो शेवटचा स्वर. तेव्हा मी राइख ऐकलेला होता आणि तरी माझ्या हे लक्षात यायला मधे इतकी वर्षं आणि सरांचा प्रश्न लागला, की माझ्याही शहराची एक वेगळी गाडी आहे आणि तिचे आवाज कुणी धरून ठेवलेले नाहीत.

त्या गाडीचं मिरजेहून येणं हेही मला राहून राहून आठवतं. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब, किराणा घराणं. आणि हे घराणं क्रोनोसच्या दारापर्यंत गेलेलं आहे, म्हणजे खरोखर गेलेलं आहे. टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार १९७० पासून किराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला, ते अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. स्वर कसा लावायचा, एका स्वरात किती वेळ राहायचं हे तो त्यांच्याजवळ शिकला, आणि क्रोनोसवाल्यांनी त्याच्या मागं लागून लागून त्याला चौकडीसाठी लिहायला लावलं. त्याच्या रचना ऐकताना मला कुठंतरी ओळखीचं दार उघडं दिसतं. २००२ मध्ये त्यानं क्रोनोससाठी 'सन रिंग्ज' लिहिलं, त्यात अंतराळयानांनी टिपलेल्या लहरींचे आवाज आहेत, ग्रहांच्या आसपासचे. मी सरांना म्हटलं, बघा सर, किराण्याची तालीम कुठल्या कुठं पोचली. सर म्हणाले, आणि मिरजेचं पाणी लातूरला. हसले नाहीत ते हे म्हणताना.

हमजा एल दिनचं 'एस्कले' मी त्यांना मुद्दाम नंतर ऐकवलं. हा नुबियातला, नाईलकाठच्या तोश्का गावचा, १९२९ चा जन्म. इजिप्तनं आस्वानला मोठं धरण बांधायला घेतलं तेव्हा आपली सगळी गावं पाण्याखाली जाणार हे त्याला दिसत होतं आणि तो गावोगाव फिरून लोकांना ते सांगत होता. त्याचं तोश्काही गेलं. एस्कले म्हणजे बैलांनी फिरणारा रहाट, आणि त्या बैलांच्या मागं बसून तो हाकणाऱ्या पोराला त्या आवाजाची कशी गुंगी चढते ते त्यात आहे. मूळ त्याच्या ऊद या तंतुवाद्यासाठी, मग क्रोनोससाठी बसवलं, १९९२ च्या 'पीसेस ऑफ आफ्रिका'मध्ये आहे आणि त्यात तो स्वतः डफासारखं त्याचं वाद्य वाजवतो. फारसं काही घडत नाही त्यात. तेच फिरतं, तेच कुरकुरतं, मधेच एक व्हायोलिन वर मान काढतं आणि परत चाकात जातं. माझी मोठी मावशी पैठणकडची, तिचं सासर नाथसागराखाली गेलं. जायकवाडीचं पाणी भरलं १९७६ च्या सुमाराला, मावशी तेव्हा दोन लेकरं घेऊन नव्या गावठाणात पत्र्याच्या घरात. पाणी फार खाली गेलं की जुन्या भिंती वर येतात, देवळाचा दगड दिसतो, आणि मावशी कुणाला तरी मोटरसायकलवर बसवून घेऊन बघायला जायची. एकदा मी बरोबर होते. चिखलाला पडलेल्या भेगा, त्यात शिंपले, आणि मावशी हाताने दाखवत होती, ही आमची विहीर, इथं धाव होती, इथून बैल मागं यायचे, इथं थारोळं. मग तिनं तोंडानं मोटेच्या चाकाचा, कण्याचा आवाज काढून दाखवला. कुर्रर्र करून वर जाणारा, मोट रिकामी झाली की धप्प, आणि मग बैल मागं सरताना नाडा सैल पडल्याची नुसती सरसर. सत्तरीतली बाई, कोरड्या धरणात उभी राहून मोटेचा आवाज काढत होती आणि तिला तो सगळा पाठ होता. जायकवाडीच्या पाण्यावर संभाजीनगर जगतं, जालना जगतं, खाली किती ऊस उभाय, त्या पाण्याला मी वाईट म्हणू शकत नाही आणि मावशीही म्हणत नव्हती. पण 'एस्कले' ऐकताना मला दर वेळी वाटतं की नाईलकाठच्या रहाटाला चार अमेरिकन वाजवणारे भेटले. गोदेकाठच्या मोटेला कुणीच भेटलं नाही.

हे मी सरांना म्हटलं आणि आमचं थोडं वाजलंच. सर म्हणाले, "मारव्याला तारीख लागत नाही." त्यांचं म्हणणं असं की संध्याकाळी दिवेलागणीला मारवा राग लावला की त्यात मोट पण आली, भूकंप पण आला, तुझा जलदूत पण आला, ज्याचं जे असेल ते त्यानं घालून घ्यावं. दुःखाला नाव-गाव दिलं की ते लहान होतं. याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाही. कारण ते खरंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर आमच्या घरात कितीतरी दिवस रेडिओ लावला नव्हता, आणि पहिल्यांदा लावला तेव्हा कुणीतरी ललत गात होतं, आणि वडील कानाला रेडिओ लावून रडले. त्या ललतात किल्लारी नव्हतं आणि होतं. पण मग मी सरांना म्हटलं, आपल्याकडे शब्दांनी तर कायम तारीख लावलीय. जलसेवाल्यांनी लावली, शाहिरांनी लावली. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली रेकॉर्ड झाल्या त्या आजही ऐकायला मिळतात, त्या बायांना कुणी सांगितलं नव्हतं की ओवी म्हणजे फक्त विठ्ठल आणि माहेर. मग तारांनीच का कायम तारखेच्या वर राहायचं? सर म्हणाले, कारण तारांना शब्द नसतेत. मी म्हटलं, राइखनं तेच तर केलं, शब्दाच्या खालचा सूर काढून घेतला. सर गप्प बसले. पटलं म्हणून नाही, विचार करायलेत म्हणून.

मला एक भीतीही वाटते, ती लिहून टाकते. दुसऱ्याच्या तहानेचं संगीत करणं हे बरं आहे का? त्या उन्हाळ्यात आमच्या घरी पैसे मोजून टँकर येत होता. रात्र रात्र नंबर लावून बसलेल्या बायांमध्ये मी नव्हते. राइखही त्या गाड्यांत नव्हता, आणि त्यानं ते नावातच सांगून टाकलंय, त्या वेगळ्या गाड्या होत्या, मी या गाडीत होतो. कदाचित म्हणूनच ते ऐकवतं. तो वाचलेल्यांच्या वतीनं रडत नाही, त्यांचा आवाज पुढं आणि आपली वाद्यं त्यांच्या मागं, एवढंच करतो. ज्यांचं दुःख त्यांनी आपल्या लयीत बोलावं आणि शिकलेल्या हातांनी ती लय मोडू नये. ही शिस्त कुणी पाळणार असेल तर मला चालेल. नसेल तर मारवाच बरा.

क्रोनोसनं २०१५ पासून एक काम केलं, पन्नास नव्या रचना लिहून घेतल्या, पंचवीस बायांकडून आणि पंचवीस पुरुषांकडून, आणि त्यांची स्वरलिपी जगात कुणालाही फुकट दिली, शिकणाऱ्या पोरांनी वाजवावी म्हणून. त्यात आपल्या व्हायोलिनवादक कला रामनाथांची 'अमृत' आहे, त्या राजमबाईंच्या भाची. मी ती उतरवून घेतली, प्रिंट काढले, सरांकडे नेले. सरांना ती लिपी वाचता येत नाही, व्हायोला आणि चेलो तर माझ्या माहितीत लातुरात कुणाकडे नाहीतच. सरांकडे येणाऱ्या तीन मुली आणि एक मुलगा, चौघांच्या हातात व्हायोलिनच. सरांनी त्यातल्या दोघांच्या तारा खाली उतरवल्या, जाड आवाज यावा म्हणून, आणि आम्ही रेकॉर्डिंग ऐकून ऐकून एक एक ओळ कानानं बसवायला घेतलीय. शनिवारी संध्याकाळी. पोरं एकमेकांकडे बघायला शिकायलीत, आधी चौघंही सरांकडे बघायची.

ही पोरं मोठी होतील तेव्हा त्यांच्यासाठी कुणाकडे तरी मागायचं म्हणून मी माझी मागणी तयार ठेवलीय. मला जलदूतवर चौकडी हवी आहे. त्यात घोषणा नकोत, हार घालणाऱ्यांची भाषणं नकोत. मिरजेच्या तंबोऱ्याचा षड्ज सुरुवातीला लागलेला असू दे, कारण गाडी तिथून निघते. स्टेशनवरच्या त्या म्हातारीचं 'उगं आले काऽ' हवं, माझ्याजवळ रेकॉर्ड नाही पण सूर आहे, मी सरांना गाऊन दाखवलाय आणि त्यांनी तो व्हायोलिनवर काढलाय. घागर भरतानाचा आवाज हवा. पाणी चढतं तशी घागरीतली हवेची जागा कमी होत जाते आणि सूर वर वर जातो, आमच्या गल्लीतल्या बाया रात्री अंधारात त्या सुरावरून ओळखतात की आता काठाला आलं, नळी काढा. चार तारांना चढायला यापेक्षा चांगली वाट मला तरी माहीत नाही. आणि आठ-दहा दिवसांनी रात्री दोनला नळ येतो तेव्हा ज्या कुणाला पहिल्यांदा जाग येते ती गल्लीभर ओरडते, 'आलंऽ, आलंऽ', ते तर पाहिजेच. सर म्हणतात लिही तू, बघू कोण वाजवतंय. पण परवा त्यांनीच मला ते 'आलंऽ' परत म्हणायला लावलं आणि शेजारी पेटी ओढून घेतली. सा वरून थेट पंचमावर जातं ते. त्यांच्या मारव्यात तर पंचमच नसतो, मी त्यांना म्हटलंसुद्धा.